चालू द्या!

दिवाळीत आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे सौ.चा चिवडा आणि दुसरी म्हणजे त्यात शेंगदाणे कमी पडले आहेत, ही माझी तक्रार. मी तक्रार करतो, सौ. म्हणतात, "पुढच्या वर्षी तुम्हीच करा," आणि मी दुसरी बशी पुढे करतो. आमच्या लग्नाच्या पहिल्या दिवाळीपासून हा प्रवेश एका शब्दाचाही फरक न होता चालू आहे. मध्यंतरी एका वर्षी माझे दात दुखत होते, म्हणून मी काही बोललोच नाही. सौ. क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, बरं वाटत नाही का?" त्या रात्री त्यांनी माझ्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला.

वाचक म्हणतील, यात नवल ते काय? नवल नाहीच. पण विनोद एकट्याचा नसतो, समोरचा आपले वाक्य बोलला नाही तर आपले वाक्य लटकून राहते, ही गोष्ट मला पासष्टी उलटल्यावर समजली. ती समजायला आधी विलायतेला जावे लागले आणि मग आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर येऊन बसावे लागले. ती हकिकत आज सांगतो.

या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे की मी बँकेतून निवृत्त झालेला, चंद्रपुरात राहणारा माणूस आहे. मूळ गाव सिंदेवाही तालुक्यात, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध. आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून ही पट्टी होते. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वी चंद्रपूर आणि गडचिरोली एकच होते, आणि नाटकाच्या वेडात ते आजही एकच आहेत. पुण्यामुंबईची दिवाळी भाऊबिजेला संपते. आमची त्यानंतर सुरू होते. गायगोधनाला गाई सजतात, आणि मग गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. मंडई म्हणजे गावची जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा दुकाने लागतात आणि रात्री नाटक होते. रात्री दहाला पडदा उघडला की कोंबडा आरवल्यावर मिटतो.

या नाटकांच्या आधीपासूनची आमची करमणूक म्हणजे दंडार. ढोलकी, टाळ, रांगेने नाचणारे गडी, मध्ये गाणे, मध्ये सोंग. बाईचे कामही गडीच करायचा. दंडारीचे प्रकार पुष्कळ आहेत. ज्यात प्रसंग रंगवून दाखवतात तिला परसंगी दंडार म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून हे सारे लिहून ठेवले आहे, म्हणून आज मला ते छातीठोकपणे सांगता येते. एरवी आम्हाला लहानपणी एवढेच ठाऊक होते की मंडईच्या दुपारी दंडार उभी राहिली की जेवण अर्धे टाकून पळायचे.

आमच्या गावच्या दंडारीत एक पात्र दर वर्षी यायचे, ते म्हणजे नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा रखवालदार. जंगलालगतच्या गावाला कलेक्टर कधी दिसत नसे, पण नाकेदार रोज दिसे. सरपणाची मोळी अडवणारा तोच, आणि मोळी सोडताना अंगणातल्या कोंबडीकडे पाहणाराही तोच. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, हा नाकेदार करायचे. एका वर्षी नाकेदाराचे लग्न, दुसऱ्या वर्षी नाकेदार सासुरवाडीला, तिसऱ्या वर्षी नाकेदाराला वाघ दिसतो. पाच गडी तेच, पात्रे तीच, फक्त प्रसंग नवा. कागदावर एक ओळ नव्हती. अंगावरची खाकी खरी होती, एका बदली झालेल्या नाकेदाराने जाताना टाकून दिलेली. तिची दोन बटणे तुटलेली होती आणि त्या दोन बटणांवरच दहा मिनिटांचा हशा व्हायचा.

नाकेदाराची बायको करणारे गृहस्थ आज गावात आहेत. वय ऐंशीच्या घरात. साऱ्या गावाने त्यांचे नाव कधीच बदलले. लहानथोर सगळे त्यांना 'नाकेदारीन आबाजी' म्हणतात, आणि तेही त्या हाकेला ओ देतात.

आता विलायतेकडे वळतो. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनजवळ स्लाव या गावी राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे तीन महिने होतो. शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ. आपल्याकडे शेजारी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन येतो, हे तिसऱ्या आठवड्यात हवापाण्याबद्दल बोलले आणि पाचव्या आठवड्यात त्यांनी मला सिनेमा पाहायला घरी बोलावले. सिनेमांची चळतच होती त्यांच्याकडे. 'कॅरी ऑन' नावाची मालिका. कॅरी ऑन म्हणजे चालू द्या! पहिला 'कॅरी ऑन सार्जंट' १९५८ चा. पुढे 'नर्स', 'टीचर', 'कॉन्स्टेबल' असे करत १९७८ पर्यंत वर्षाला एक, कधी दोन, असे ते निघत गेले. १९९२ चा एक धरून सारे मिळून ३१.

चिरंजीवांनी मला आधीच सावध केले होते. "बाबा, त्यात जरा तसले विनोद असतात." ते खरे होते. सरळ वाक्याला वाकडा अर्थ लावण्यात ही मंडळी पटाईत. सौ. पहिल्याच अर्ध्या तासात "चहा ठेवते" म्हणून उठल्या, परक्याच्या घरी चहा कुठे ठेवणार हे मी विचारले नाही. मला मात्र आपल्या दादा कोंडक्यांची आठवण झाली. १९७१ चा 'सोंगाड्या' पाहायला आम्ही पोरे बैलगाडीने गेलो होतो. भोळा चेहरा करून वाक्य सोडायचे आणि अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या माथी मारायची, ही विद्या इंग्लंडातही आहे हे पाहून बरे वाटले.

पण त्याहून एक ओळख मला पटली. तेच नट, तीच पात्रे, नवा प्रसंग! निर्माते पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेराल्ड थॉमस या जोडीने पाइनवुड स्टुडिओत हा संसार मांडला होता. तो स्टुडिओ चिरंजीवांच्या घरापासून फार दूर नाही, आम्ही गाडीतून त्याची भिंत पाहून आलो. संसार काटकसरीचा. प्रमुख नटांना सिनेमामागे ५००० पौंडांच्या आसपास मिळत आणि तो आकडा वर्षानुवर्षे हलला नाही म्हणतात. एलिझाबेथ टेलरच्या भव्य 'क्लिओपात्रा'चे रोमन महाल पाइनवुडला उभारून सोडून दिले होते. यांनी १९६४ साली त्याच टाकलेल्या महालांत आपला 'कॅरी ऑन क्लिओ' उरकून घेतला. हे ऐकल्यावर मला मोठेबाबांची टाकून दिलेली खाकी डोळ्यांपुढे आली आणि मी नको तिथे हसलो. खैबरखिंडीवरचा सिनेमा त्यांनी १९६८ साली वेल्सच्या डोंगरात काढला. १९७० साली जंगलाचा काढला, तो पाइनवुडमध्येच. ते जंगल पाहून आमच्या ताडोब्याच्या वाघाने उपोषण केले असते.

"मग आता का नाही काढत?" मी त्या गृहस्थांना विचारले.

ते म्हणाले, "काढणार होते की. किती वर्षे काढणारच होते."

ती कथा अशी. मालिका १९७८ ला थांबली. १९९२ साली 'कॅरी ऑन कोलंबस' काढून तिला जागवण्याचा यत्न झाला. पुष्कळसे नवे नामवंत विनोदी नट घेतले, जुन्यांपैकी जिम डेल यांच्यासारखे काही आले. पण प्रेक्षकांनी आणि टीकाकारांनी नाक मुरडले, आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक थॉमस वारले. २००३ मध्ये 'कॅरी ऑन लंडन'ची घोषणा झाली. नटांची नावे छापून आली, ती बदलली, चित्रीकरण पुढे गेले, पुन्हा पुढे गेले. २००८ साली मालिकेला पन्नास वर्षे झाली तेव्हा पुन्हा ढोल वाजले. २००९ च्या एप्रिलमध्ये निर्माते रॉजर्स ९५ व्या वर्षी गेले. सिनेमा निघाला नाही. २०१६ मध्ये नव्या सिनेमांची आणखी एक घोषणा झाली, तिचेही तेच. 'चालू द्या' नावाची गोष्ट, आणि चालू होईना!

"पैसा नव्हता का?" मी बँकेतला माणूस, मला दुसरे काय सुचणार?

गृहस्थ म्हणाले, "पैसा मिळतो हो. सिड जेम्स कुठून आणायचा?"

सिड जेम्स हे त्या मालिकेतले मोठे नट. त्यांचे नुसते हसणे ऐकून लोक हसत. १९७६ साली सुंदरलँडच्या नाटकगृहात रंगमंचावरच ते कोसळले आणि गेले. केनेथ विल्यम्स आणि चार्ल्स हॉट्री १९८८ साली गेले. हॅटी जॅक्स, जोन सिम्स, बार्बरा विंडसर, एकेक करत गेले. गृहस्थ सिनेमा थांबवून मला दाखवत, "हा आता बोलेल, पण गंमत त्याच्या बोलण्यात नाही, मागे ती उभी आहे ना, तिच्या भुवईकडे पाहा." आणि खरोखर, भुवई उडाली की आम्ही दोघे म्हातारे हसायचो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्लावच्या थंडीत अंथरुणावर पडून मला आमच्या मंडईची दुपार आठवत होती. आणि तिच्याबरोबर एक जुने कुसळही टोचत होते, ते आता सांगून टाकतो.

नाकेदाराची दंडार बंद पडली ती माझ्यामुळे. एकट्या माझ्यामुळे नव्हे, पण पुढाकार माझा होता. आम्ही चार पोरे तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकत होतो. गावात आलो की आम्हाला सगळेच गावठी वाटायचे, आणि लुगडे नेसून मिशी झाकणारा गडी तर फारच गावठी वाटायचा. आम्ही नाट्यमंडळ काढले, वर्गणी केली आणि मंडईला बाहेरचे नाटक ठरवले. स्टेज, पडदे, ऑर्गन आणि स्त्री भूमिकेला खरीखुरी बाई! गाव लोटले. दंडार आधी दुपारी लवकर झाली, पुढच्या वर्षी आणखी लवकर, आणि १९८३ च्या मंडईत स्टेजचे सामान उतरवायचे होते म्हणून मीच मोठेबाबांना जाऊन म्हणालो, "यंदा दंडार राहू द्या ना."

मोठेबाबा म्हणाले, "राहू दे गा, बापू." एवढेच. संध्याकाळी ते आमच्या नाटकाला पहिल्या रांगेत येऊन बसले आणि पहाटेपर्यंत बसून राहिले. पुढे तेरा वर्षे जगले, पण त्या विषयावर कधी अवाक्षर काढले नाही. रागावले असते तर बरे झाले असते.

विलायतेहून परतलो तो मनाशी ठरवूनच. नाकेदाराची दंडार पुन्हा उभी करायची. गावातली पोरे उत्साही आहेत. त्यांनी लगेच होकार दिला, एकाने ढोलकी आणली, सरपंचबाईंनी समाजमंदिराची किल्ली दिली. २०२४ च्या दसऱ्याला तालीम सुरू झाली. मी विलायती थाटात वही घेऊन बसलो. पाच गड्यांपैकी चार देवाघरी गेलेले. राहिले नाकेदारीन आबाजी. त्यांना पोरांनी हाताला धरून आणले, खुर्चीत बसवले.

मी म्हणालो, "आबाजी, नाकेदाराच्या लग्नाचा परसंग सांगा. मी लिहून घेतो."

आबाजींनी डोळे मिटले आणि एकदम बायकी आवाजात पहिले वाक्य टाकले. ऐंशीच्या माणसाचा आवाज चाळीस वर्षे मागे गेला! माझ्या अंगावर काटा आला. नाकेदार झालेल्या पोराने आपले वाक्य बोलले. शब्द बरोबर होते, आबाजींनीच शिकवलेले. आबाजी थांबले. पुन्हा पहिले वाक्य. पुन्हा पोराचे वाक्य. पुन्हा थांबले. असे चार वेळा झाले.

"काय चुकलं, आबाजी?" पोराने विचारले.

"तुहं नाई चुकलं गा," आबाजी म्हणाले. "म्या बोललो का तुहा मोठाबाबा आधी खोकलत होता. मंग बोलत होता. त्याच्या खोकलन्यावर लोक हासत. लोक हासले का मी पदर घेत होतो. आता तो खोकलत नाई, त मी पदर कवा घेऊ?"

पोराने खोकून पाहिले. चांगला खोकला. पण तो खोकला दम्याचा वाटला, मोठेबाबांचा खोकला लाचेचा होता. कोंबडी दिसली आणि मागायची कशी, या पेचातून आलेला तो खोकला. पाहिलेला असेल त्यालाच कळेल. पोरांनी तो पाहिलेला नव्हता.

आम्ही नेट सोडला नाही. लग्नाचा प्रसंग बाजूला ठेवला आणि दुसरा धरला, तर तिथे दुसरीच अडचण आली. पोरे म्हणाली, "काका, नाकेदार कोंबडी मागतो यात हसण्यासारखं काय आहे?" मी चकित झालो. मग लक्षात आले, यांनी तो नाकेदार पाहिलेलाच नाही. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपल्या पासावर विकू लागले. सगळीकडे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणत नाही, पण मोळी अडवणाऱ्या खाकीपुढे हात जोडून उभे राहण्याची ती जुनी कंबरवाक गेली. शिवाय आमच्या बीटची वनरक्षक आता एक तरुण मुलगी आहे. वाघ दिसल्याचा निरोप आला की ती रात्रीबेरात्री काठी आणि बॅटरी घेऊन गावात फिरते, दारे बंद करा म्हणून सांगते. तिच्यावर हसायचे कसे? उलट तिला पोरे 'ताई' म्हणतात.

इंग्रज गृहस्थांचे एक वाक्य मला तेव्हा आठवले. ते म्हणाले होते, पहिल्या सिनेमातल्या सार्जंटवर सगळे हसले, कारण घरोघरचा मुलगा सक्तीच्या लष्करी नोकरीत त्या सार्जंटच्या शिव्या खाऊन आला होता. ती सक्तीची भरती इंग्लंडात १९६० मध्ये थांबली. आता तिथल्या नातवाला सार्जंट दाखवून उपयोग काय? ज्याला आपण भितो त्याच्यावरच पोट धरून हसता येते. भीती गेली की विनोदाचा दाणा गेला, टरफल राहिले.

आणि जिथे भीती गेली नाही, तिथे ती वाढली. तिसरा प्रसंग होता नाकेदाराला वाघ दिसतो तो. माझ्या आठवणीतला सर्वांत मोठा हशा त्यातला. घोंगडी पांघरलेला वाघ, त्याला सलाम ठोकणारा नाकेदार. हा प्रसंग घेऊन आम्ही पुढल्या मंडईला उभे राहायचे ठरवत होतो. एवढ्यात २०२५ चा मे महिना आला. आमच्याच सिंदेवाही तालुक्याच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. वाचकांनी ती बातमी वाचली असेल. आम्ही ती वाचली नाही, ती आमच्यापर्यंत रडण्याच्या आवाजाने आली. तेंदूचा हंगाम म्हणजे इकडच्या घरांचे वर्षाचे रोख पैसे. पहाटे बाया निघतात, आणि निघावेच लागते. त्यानंतरच्या तालमीला कोणी घोंगडी आणली नाही. मीही विचारले नाही. वही मिटली.

असा आमचा 'कॅरी ऑन लंडन' थांबला. पैशासाठी नाही, जागेसाठी नाही. आमच्याकडे ढोलकी होती, समाजमंदिर होते, पुढाकारी होते, चिरंजीवांनी पाठवलेले पौंडसुद्धा होते.

मला वाटले, आबाजींना वाईट वाटले असेल. एका सकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो. म्हटले, "आबाजी, माफ करा. तुमची दंडार मीच बंद पाडली, आणि मला ती चालूही करता आली नाही."

म्हातारा हसायला लागला. "तू बंद पाडली? बापू, लोक त्याच्या आधीच कमी हासत होते. तुह्या मोठ्याबाबाले ते समजलं होतं. तो मले म्हने, 'आता पोरायचं पाहू.' म्हनूनच त तुह्या नाटकाले पहिल्या रांगेत बसला."

चाळीस वर्षे जे कुसळ टोचत होते, ते त्यांनी असे दोन बोटांनी काढून टाकले. खरे की माझ्या समाधानासाठी, ते आबाजींना ठाऊक. मी खोलात गेलो नाही.

मग ते म्हणाले, "तू रातच्याले वडशाले जा. पाय."

वडसा म्हणजे देसाईगंज, वैनगंगेपलीकडचे, गडचिरोली जिल्ह्यातले. झाडीपट्टीच्या नाटकांची ती राजधानी. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे शेजारीशेजारी आहेत. दिवाळीपूर्वी आपण जसे किराणा भरायला जातो, तसे गावोगावचे लोक तिथे नाटक ठरवायला जातात. मी गेलो. भिंतीवर फलक, फलकांवर यंदाच्या नाटकांची नावे. गेल्या वर्षीचे नाव क्वचित. २०२० च्या हंगामात महामारीने सगळ्यांची चूल विझत आली होती, पण तेही धंदा सोडून गेले नाहीत. मी एका कार्यालयात विचारले, जुनी गाजलेली नाटके पुन्हा का नाही काढत? समोरच्या माणसाने माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाला, "काका, लोक रात्रभर बसतात. त्यांना यंदाचं काही द्यावं लागतं ना."

याच मातीतले डॉ. परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या ८०० भूमिका आणि ५००० प्रयोग सांगतात. मी बँकेतला असल्यामुळे भागाकार केला, भूमिकेमागे प्रयोग जेमतेम सहा! म्हणजे या माणसाने आयुष्यभर लोकांना हसवले ते एकच पात्र जपून नव्हे, तर सोडून देऊन आणि पुन्हा नवे धरून. गंमत त्या खाकीत नव्हती. गंमत समोर बसलेल्या माणसाला आज कशाची भीती वाटते आणि कशाची हाव आहे, हे ओळखण्यात होती.

परतताना गाडीत मी वहीचे नवे पान काढले आणि पोरांना दिले. मी काही लिहिले नाही. पोरांनीच त्यांचा प्रसंग बांधला आहे. त्यात नाकेदार नाही, वाघही नाही. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र आहे. धान कापून कापून म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र तिचा अंगठा घेत नाही, आणि यंत्रापुढे आपण जिवंत आहोत हे ती सिद्ध करत बसते. दुकानदार म्हणतो, "आजी, तू नाहीस." मला आधी ते हसण्यासारखे वाटलेच नाही. तालमीत मात्र एका पोराने यंत्राचा आवाज काढला आणि दारात उभ्या असलेल्या चार बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या बोटांच्या रेषाही तशाच असणार.

आबाजी आले होते. म्हातारीचे काम करणाऱ्या पोराला त्यांनी एकच गोष्ट शिकवली, पदर कधी घ्यायचा ती. मग खुर्चीत टेकून म्हणाले, "आमचं नका करू. तुमचं करा. हासन्याजोगं असन त मी हासन. नसन त खोकलन, मंग समजून जा." एवढे बोलून हात हलवला, "हं, चालू द्या."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या मंडईला थोडेच दिवस उरलेले असतील. दंडार दुपारी तीनला उभी राहील आणि तिच्यासाठी स्टेजचे सामान उतरवायला उशीर झाला तरी चालेल, असे यंदा नाटक मंडळाला मी स्वतः सांगितले आहे. लोक हसतील की नाही, सांगता येत नाही. पोरे घाबरलेली आहेत, ते चांगले लक्षण आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आबाजींच्या शेजारी, आणि कान त्यांच्या खोकल्याकडे असतील.

सौ. येणारच आहेत. डब्यात चिवडा असेल. शेंगदाणे कमी असतील, आणि मी तसे म्हणणार आहे.